‘दिसत नाही’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो

पक्षाघातानं अर्धी नजर गेलेला माणूस दवाखान्यातून घरी आला, की थोड्याच दिवसांत त्या घरात एक वाद हमखास सुरू होतो. माणूस म्हणतो, मला डावीकडचं काही दिसत नाही. घरचे म्हणतात, मग काल नातवाचा चेंडू डावीकडून आला तेव्हा डोकं कसं बाजूला घेतलंत? यावर त्याच्याकडे उत्तर नसतं. डोकं बाजूला घेतलं हे खरं, चेंडू दिसला नाही हेही खरं. पण दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे घरच्यांना पटत नाही, आणि मनातून त्यालाही नीट पटलेलं नसतं.

मी इंदूरला डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचं काम करते. चष्म्याचा नंबर, डोळ्यातलं प्रेशर, आणि फील्ड टेस्ट, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं कुठवर दिसतं त्याची तपासणी. रामबाग, जेल रोड, सुदामानगर इकडची मराठी कुटुंबं येऊन-जाऊन ओळखीची झाली आहेत, त्यामुळे बोलण्यात आडपडदा नसतो. पेशंट मशीनसमोर बसला, की सून किंवा मुलगी मला हळूच बाजूला घेते. "ताई, खरं सांगा, बाबांना दिसतंय ना? उगाच नाटक तर नाही करत?" नाटक करणारे पेशंट असतात, नाही असं नाही. चेंडूच्या बाबतीत साधी कारणंही असू शकतात: आवाज ऐकू आला, किंवा नेमकी तेव्हाच मान थोडी वळलेली होती. पण ही सगळी कारणं वगळली तरी काहीतरी उरतं, आणि जे उरतं ते मेंदूविज्ञानातलं एक विलक्षण प्रकरण आहे.

आधी एक नेहमीचा घोळ निस्तरू. ‘डावीकडचं दिसत नाही’ म्हणजे डावा डोळा गेला, असं जवळजवळ प्रत्येक जण धरून चालतो. मग मोतीबिंदू आहे का, चष्मा बदलायचा का, अशी चौकशी सुरू होते. प्रत्यक्षात दोन्ही डोळे धडधाकट असतात. आपल्या डाव्या बाजूच्या जगाचं चित्र दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांच्या उजव्या अर्ध्या भागावर पडतं, आणि त्या दोन्ही अर्ध्या भागांतले धागे मेंदूच्या उजव्या बाजूला जातात. मेंदूच्या अगदी मागे, डोक्याचा जो भाग उशीवर टेकतो तिथे आतमध्ये, नजरेचा मुख्य प्रांत आहे. उजवीकडच्या या प्रांताचा रक्तपुरवठा तुटला, की डावीकडचं जग दोन्ही डोळ्यांतून एकदम जातं. डावा डोळा झाका नाहीतर उजवा झाका, फरक पडत नाही. डॉक्टर याला हेमियानोपिया म्हणतात.

घरी याचा पत्ता बहुतेकदा ताटावर लागतो. मीठ मधोमध, उजवीकडे भाजी-आमटी, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. बाबा उजवी बाजू चाटूनपुसून संपवतात आणि डावीकडची कोशिंबीर जशीच्या तशी राहते. ‘बाबा, कोशिंबीर राहिली’ म्हटल्यावर त्यांनी मान वळवून ती खाल्ली आणि पुढच्या जेवणाला स्वतःच मान वळवली, तर नजर अर्धी गेलेली आहे असं समजायचं. सांगूनही डावी बाजू आहे हेच त्यांच्या मनात येत नसेल, अर्धीच दाढी करत असतील, डाव्या बाहीत हात घालायचा राहत असेल, तर प्रकरण वेगळं आहे. तिथे लक्ष देणारी यंत्रणाच बिघडलेली असते. दोन्ही एकत्रही असू शकतात. कोणतं आहे ते मेंदूच्या डॉक्टरांनी ठरवायचं, पण ताटाचं निरीक्षण त्यांना जरूर सांगावं.

दुसरा घोळ काळोखाचा. फील्ड टेस्टच्या कागदावर गेलेला भाग काळा छापलेला येतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं की पेशंटला तिथे काळं दिसतं. तसं नसतं. तुमच्या-माझ्याही नजरेत प्रत्येक डोळ्याला एक भोक आहे. डोळ्याची नस जिथून बाहेर पडते तिथे पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. डावा डोळा झाका, उजव्यानं समोरच्या भिंतीवरच्या एका खुणेकडे रोखून बघा. उजवा हात पूर्ण लांब करून अंगठा खुणेशेजारी धरा आणि नजर न हलवता हळूहळू उजवीकडे न्या. साधारण १५ अंशांवर, म्हणजे वीतभराच्या आत, अंगठ्याचं टोक गायब होतं. त्या जागी काळा ठिपका दिसत नाही, भिंतच दिसते. अर्धी नजर गेलेल्या माणसालाही तिथे काळा पडदा दिसत नाही. तिथलं जग नाहीसं झालंय याची जाणीवही कित्येकांना आधी होत नाही, दाराच्या चौकटीवर खांदा दोन-तीनदा आपटल्यावर होते. या भोकाचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून प्रयोग करून बघाच.

मशीन काय विचारतं

फील्ड टेस्टमध्ये माणूस एका पांढऱ्या, अर्ध्या गोल वाडग्यासारख्या पृष्ठभागासमोर हनुवटी टेकवून बसतो. एक डोळा झाकलेला, दुसरा मधल्या दिव्यावर खिळलेला. कडेकडेला बारीक ठिपके चमकतात, दिसला की हातातलं बटन दाबायचं. नजर भटकली तर मशीन नोंद ठेवतं, ठिपका नसताना बटन दाबलं तर तीही नोंद होते. शेवटी कागद छापून येतो आणि हेमियानोपिया असेल तर मधोमध रेघ मारल्यासारखा अर्धा भाग काळा.

मशीनचं काम चोख आहे, पण ते एकच प्रश्न विचारतं: दिसलं का? दिसलं असं ज्याला वाटलं तो बटन दाबतो, नाही वाटलं तो दाबत नाही. ‘दिसलं नाही असं वाटत असेल तरी सांगा, ठिपका वर होता की खाली?’ हे कोणी विचारत नाही. विचारायचं कारणही नसतं. न दिसलेल्या गोष्टीबद्दल माणूस काय सांगणार, अंदाजपंचे दाहोदरसे!

१९७० च्या दशकात लंडनमध्ये नेमका हाच खुळचट वाटणारा प्रश्न विचारला गेला.

तो पेशंट वैद्यकीय लेखनात डी. बी. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. चौदाव्या वर्षापासून त्याला भयंकर अर्धशिशी होती आणि मेंदूच्या उजव्या मागच्या भागात रक्तवाहिन्यांचं वेडंवाकडं जाळं सापडलं होतं. १९७३ मध्ये शस्त्रक्रिया करून ते जाळं काढलं. ते काढताना नजरेच्या प्रांताचा मोठा तुकडाही गेला. अर्धशिशी थांबली, पण डावीकडचं जग गेलं. मग दवाखान्यातल्या लोकांच्या लक्षात आलं, की डावीकडे धरलेल्या हाताकडे तो कधीकधी बरोबर हात नेतो. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स वाइसक्रांट्झ, एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि त्यांचे सहकारी यांनी त्याची पद्धतशीर चाचणी सुरू केली.

पद्धत साधी होती. आंधळ्या बाजूला क्षणभर ठिपका चमकवायचा. ‘दिसलं?’ ‘नाही.’ ‘ठीक आहे, कुठे असेल असं वाटतं तिथे बोट दाखवा.’ बोट ठिपक्याच्या आसपास जायचं. मग रेघ दाखवली: उभी की आडवी, दोन्हींपैकी एक सांगायलाच हवं, ‘माहीत नाही’ हे उत्तर चालणार नाही. मग फुली आणि गोळा. नाणं उडवून उत्तरं दिली तर निम्मी बरोबर येतील. डी. बी. ची त्याहून कितीतरी जास्त बरोबर यायची, आकृती पुरेशी मोठी असली तर फारशी चूकच नाही. निकाल दाखवले तेव्हा तो चक्रावून गेला. आपण नुसते अंदाज ठोकतोय असंच त्याला वाटत होतं. १९७४ मध्ये हे काम ‘ब्रेन’ या नियतकालिकात छापून आलं आणि वाइसक्रांट्झनी या प्रकाराला ‘ब्लाइंडसाइट’ असं नाव दिलं.

मला या प्रयोगात सगळ्यात मोलाचा वाटतो तो प्रश्नाचा बदल. डोळे तेच, मेंदू तोच, ठिपकाही तसाच. ‘दिसलं का’ विचारलं तर आंधळा, ‘कुठे असेल’ विचारलं तर बऱ्यापैकी डोळस. बघणं आणि आपण बघतोय हे आपल्याला कळणं ही मेंदूची दोन वेगळी कामं असावीत, आणि नजरेचा मुख्य प्रांत गेला की दुसरं काम बंद पडूनही पहिलं थोडंफार चालू राहतं, असा त्याचा सरळ अर्थ.

हे अगदी आकाशातून पडलं नव्हतं. पहिल्या महायुद्धात डोक्यात गोळी लागूनही वाचलेल्या सैनिकांची नजर तपासताना जॉर्ज रिडॉक या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, की काहींना आंधळ्या बाजूला स्थिर वस्तू अजिबात कळत नाही, पण तीच वस्तू हलवली तर ‘काहीतरी हललं’ एवढं कळतं. त्यांनी ते १९१७ मध्ये लिहून ठेवलं. त्या काळच्या बड्या तज्ज्ञांनी, गॉर्डन होम्स यांच्यासारख्यांनी, ते फारसं मानलं नाही. डी. बी. च्या आधी केंब्रिजमध्ये हेलन नावाची माकडीणही होती. १९६५ मध्ये शस्त्रक्रियेनं तिच्या मेंदूतला नजरेचा प्रांत जवळजवळ पूर्ण काढला होता आणि ती आंधळी झाली असंच सगळे समजत होते. निकोलस हम्फ्री या तरुण संशोधकानं तिच्याशी खेळायला सुरुवात केली, पुढे दोरी बांधून फिरायला नेलं, अनेक वर्षं चिकाटी धरली. शेवटी ती खोलीभर ठेवलेल्या अडथळ्यांमधून न धडकता फिरायची आणि जमिनीवरचे बेदाणे वेचायची. मात्र समोरची वस्तू काय आहे हे तिला डोळ्यांनी ओळखता येत नव्हतं. म्हणजे डी. बी. समोर आला तेव्हा वाइसक्रांट्झ यांच्या डोक्यात प्रश्न आधीच तयार होता. माणसात आणि माकडात इतका फरक कसा, हे कोडं त्यांना बरीच वर्षं छळत होतं. उत्तर असं निघालं, की माकडाला आपण ‘दिसलं का’ विचारूच शकत नाही. ते काय करतं एवढंच बघतो. माणसाला मात्र विचारतो, आणि त्याचं उत्तर प्रमाण मानतो.

आडरस्ते

आता हे होतं कसं? रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग खेळणाऱ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा तो रस्ता गाड्यांना बंद असतो. तरी जुन्या इंदुरातली माणसं गल्लीबोळांतून पोचायचं तिथे पोचतात. ट्रक जात नाही, स्कूटर जाते. मेंदूतही असंच आहे. प्रत्येक डोळ्याच्या नसेत साधारण १० लाख धागे असतात. त्यातले बहुसंख्य, ढोबळपणे ९० टक्के, थॅलॅमस या मेंदूच्या मध्यभागी असलेल्या केंद्रातल्या एका थांब्यावरून मागच्या मुख्य प्रांताकडे जातात. रंग, बारकावे, चेहरा कुणाचा, अक्षर कोणतं, हा सगळा जड माल याच रस्त्यानं जातो. उरलेले धागे आडवाटेनं निघतात आणि मुख्य प्रांताला वळसा घालून पुढे पोचतात.

अशा वाटा किमान दोन आहेत. एक मेंदूच्या देठाच्या वरच्या टोकाला असलेल्या सुपीरियर कॉलिक्युलस नावाच्या जुन्या केंद्रातून जाते. जुनं म्हणजे उत्क्रांतीच्या हिशेबानं जुनं. मासे आणि बेडूक यांचं बरंचसं बघणं त्यांच्या मेंदूतल्या याच भागावर चालतं. नजर झटकन एखाद्या हालचालीकडे वळवणं हे त्याचं आपल्यातलं काम. हे केंद्र जांभळा रंग टिपणाऱ्या पेशींचा माल जवळजवळ घेत नाही, आणि याचा संशोधकांनी छान उपयोग करून घेतला. आंधळ्या बाजूला राखाडी चौकोन दाखवला तर पेशंटच्या प्रतिसादात फरक पडायचा, जांभळा दाखवला तर नाही. तेव्हा हा माल त्याच वाटेनं येत असणार, असा तर्क त्यावरून बसवता आला.

दुसरी वाट थॅलॅमसमधल्या त्या नेहमीच्या थांब्यावरूनच निघते, पण मुख्य प्रांत टाळून थेट हालचाल ओळखणाऱ्या भागात शिरते. २०१० मध्ये माकडांवरच्या प्रयोगात हा थांबा औषधानं तात्पुरता बंद केला तेव्हा ब्लाइंडसाइटही बंद पडली. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं पेशंटच्या मेंदूतल्या धाग्यांचे स्कॅन ताडून पाहिले. ज्यांच्यात ब्लाइंडसाइट होती त्यांच्यात ही थेट वाट शाबूत सापडली, ज्यांच्यात नव्हती त्यांच्यात ती तशी आढळली नाही. पेशंटच्या दृष्टीनं हा मुद्दा महत्त्वाचा आहे. अर्धी नजर गेलेल्या प्रत्येकात हे असतंच असं नाही. कोणती वाट वाचली त्यावर ते अवलंबून आहे, आणि झटका कुठे, केवढा, यावर वाट वाचते की नाही ते.

न दिसलेले चेहरे

ठिपके आणि रेघा ठीक आहेत, पण चित्रांचं काय? आंधळ्या बाजूला माणसाचा घाबरलेला चेहरा दाखवला तर?

जी. वाय. या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पेशंटला आठव्या वर्षी अपघात झाला होता आणि त्याची उजवीकडची नजर गेली होती. बीट्रिस द गेल्डर आणि सहकाऱ्यांनी त्याला आंधळ्या बाजूला चेहरे दाखवले आणि भाव ओळखायला सांगितला. दिसत काहीच नव्हतं, पण अंदाज योगायोगापेक्षा सरस निघाले. २००१ मध्ये त्याच्या मेंदूचा स्कॅन चालू असताना घाबरलेले चेहरे दाखवले, तेव्हा अमिग्डला हा बदामाएवढा भाग जागा झालेला दिसला. भीती आणि धोका यांच्याशी या भागाचा जवळचा संबंध आहे. चेहरा दिसला नाही, पण धोक्याची वर्दी पोचली.

त्याहून टोकाचा पेशंट म्हणजे टी. एन. हा स्वतः डॉक्टर. काही आठवड्यांच्या अंतरानं दोन झटके आले, एक मेंदूच्या डाव्या बाजूला, एक उजव्या. दोन्हीकडचे नजरेचे प्रांत गेले, म्हणजे तो पूर्ण आंधळा झाला. पांढरी काठी घेऊन, कुणाचा तरी हात धरून चालायचा. त्याला चौकोन-वर्तुळ असे आकार विचारले तर उत्तरं नाणेफेकीसारखी. चेहरा बाईचा की पुरुषाचा, तेही नाही. पण रागीट की हसरा विचारलं, तर बरोबर उत्तरांचं प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास जायचं आणि उजवा अमिग्डला प्रतिसाद द्यायचा. ६० टक्के हा आकडा ऐकून कुणी हसेल. १० पैकी ६, म्हणजे काय मोठं? पण शेकडो वेळा विचारून सातत्यानं ६० येत असतील तर ते नशीब नसतं. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा: १० पैकी ४ वेळा तो चुकतच होता. या विषयावर लिहिताना ‘आंधळ्याला चेहरे दिसले’ अशी जी चमत्कारिक शीर्षकं देतात, ती मला म्हणूनच आवडत नाहीत.

टी. एन. चं दुसरं प्रात्यक्षिक मात्र खरोखर थक्क करणारं आहे. २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि त्याची चित्रफीतही आहे. एका लांब कॉरिडॉरमध्ये खोकी, खुर्च्या असलं सामान वाटेत मांडून ठेवलं. त्याला काठीशिवाय चालायला सांगितलं. वाटेत काय आहे ते सांगितलं नाही. पडला तर सावरायला एक माणूस मागून चालत होता. टी. एन. एका वस्तूजवळ येतो, अंग थोडं चोरतो, भिंतीकडे सरकतो, पुढे जातो. पुन्हा तसंच. एकदाही धडकत नाही. नंतर विचारलं तेव्हा आपण काही टाळलं याचीच त्याला कल्पना नव्हती. आपण सरळ चाललो, एवढंच त्याला माहीत.

२००९ चा आणखी एक प्रयोग सांगायलाच हवा. डी. बी. आणि जी. वाय. या दोघांच्या चेहऱ्याच्या स्नायूंवर बारीक तारा चिकटवल्या. हसताना गाल वर नेणारा स्नायू आणि भुवया आक्रसणारा स्नायू. मग हसरी आणि घाबरलेली चित्रं कधी दिसणाऱ्या बाजूला, कधी आंधळ्या बाजूला दाखवली. हसऱ्या चित्राला गालाचा स्नायू किंचित हलायचा, घाबरलेल्या चित्राला भुवईचा, आणि हे आंधळ्या बाजूलाही व्हायचं. नुसतं व्हायचं नाही, न दिसलेल्या चित्राला प्रतिसाद दिसलेल्या चित्रापेक्षा लवकर यायचा. ‘काय दिसलं’ हे ठरवण्यात मेंदूचा जो वेळ जातो तो इथे वाचत असावा. हुबेहूब चेहऱ्यांऐवजी चेहरा झाकलेल्या, पण अंगविक्षेपात भीती किंवा आनंद असलेल्या माणसांची चित्रं दाखवली तरी तेच. म्हणजे शरीर नुसती नक्कल करत नव्हतं, भावना उचलत होतं.

आणि डी. बी. बद्दलची सगळ्यात चमत्कारिक गोष्ट. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच्या लक्षात आलं, की आंधळ्या बाजूला दाखवलेलं चित्र चालू असताना त्याला काहीच दिसत नाही, पण चित्र बंद केलं की मागे उरणारी छाया दिसते! दिव्याकडे बघून डोळे मिटल्यावर आपल्याला जशी उमटते तशी. रंगसुद्धा उलटे, जसे अशा छायेत असतात. वाइसक्रांट्झ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे प्रसिद्ध केलं. मूळ चित्र न दिसता त्याचा मागमूस दिसावा, याचं समाधानकारक स्पष्टीकरण मी अजून कुठे वाचलेलं नाही.

शंका घेणारे

इतकं ऐकल्यावर शंका यायलाच हवी, आणि ती तज्ज्ञांनाच पहिल्यांदा आली. १९८३ मध्ये तिघा संशोधकांनी या सगळ्यावर सणसणीत टीका केली. त्यांचं म्हणणं असं: डोळ्याच्या आत प्रकाश विखुरतो. आंधळ्या बाजूचा ठिपका पुरेसा तेजस्वी असेल तर त्याची झाक दिसणाऱ्या बाजूवर पडते आणि पेशंट तिच्यावरून ओळखतो. किंवा नजरेच्या प्रांतात कुठेतरी छोटी बेटं वाचलेली असतील.

पहिल्या शंकेला उत्तर सापडलं ते त्याच भोकात, जिथे तुमचा अंगठा गायब झाला होता. डी. बी. च्या आंधळ्या बाजूचा ठिपका नेमका त्या भोकावर पडेल असा दाखवला. प्रकाश विखुरून काम होत असेल तर तिथेही व्हायला हवं. तिथे त्याचे अंदाज कोसळले. भोकाच्या शेजारी सरकवला तर पुन्हा बरोबर. बेटांची शंका मात्र काही पेशंटच्या बाबतीत खरी निघाली, आणि म्हणून प्रत्येक पेशंट वेगवेगळा तपासावा लागतो.

तिसरी शंका आजही जिवंत आहे. काही पेशंट, विशेषतः जी. वाय., कधीकधी म्हणायचे की दिसलं नाही, पण ‘काहीतरी झालं’ असं वाटलं. मग याला न दिसणं म्हणायचं की अगदी पुसट दिसणं? इयन फिलिप्स या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकानं २०२१ मध्ये ठामपणे मांडलं, की ब्लाइंडसाइट म्हणजे अतिशय क्षीण झालेलं, पण जाणिवेतलंच बघणं. पेशंट ‘हो’ म्हणायला कचरतो, इतकंच. मशीनसमोर बसलेली माणसं रोज पाहणाऱ्या मला यात तथ्य वाटतं. काही जण संशयाच्या ठिपक्यालाही बटन दाबतात, काही पूर्ण खात्री पटल्याशिवाय बोट हलवत नाहीत. पण टी. एन. चा कॉरिडॉर आणि न दिसलेल्या चित्राला आधी हललेली भुवई, यांचं सगळं उत्तर ‘कचरणं’ एवढ्यात मिळतं असं मला वाटत नाही.

घरी याचा उपयोग काय

झटक्यानंतर नजर आपोआप सुधारायची असेल तर ती पहिल्या तीनेक महिन्यांतच बरीचशी सुधारते. सहा महिने उलटल्यावर आपोआप फारसा फरक पडत नाही. आंधळ्या बाजूला रोज ठिपके दाखवून, ‘कोणत्या दिशेला सरकले ते सांगा’ असं महिनोन्‌महिने करून घेण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले आहेत. काही पेशंटमध्ये काळ्या भागाची कड थोडी मागे हटली. यातून रोजच्या जगण्यात कितपत फरक पडतो यावर अजून काम चालू आहे. तेव्हा कुणी मोबाइलवरचं ॲप दाखवून ‘नजर परत आणतो’ म्हणत पैसे मागितले, तर आधी डॉक्टरांना विचारा.

हमखास उपयोगी पडते ती मान आणि नजर मुद्दाम वळवायची सवय. चौकात, जिन्यात, ताटावर. पेपर वाचताना डावी बाजू गेलेल्याला पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही, कडेला लाल पट्टी किंवा बोट ठेवलं की सापडते. उजवी बाजू गेलेल्याचं वाचन जास्त अडतं, कारण आपण वाचत जातो त्याच दिशेचं पुढचं अक्षर त्याला दिसत नसतं.

नजर कमी झालेल्या काहींना नसलेली चित्रंही दिसतात: नक्षी, फुलं, टोप्या घातलेली माणसं. शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल हे लिहिलं होतं. ही वेडाची लक्षणं नसतात, पण आपल्याकडे म्हातारी माणसं ‘डोकं फिरलं म्हणतील’ या भीतीनं बोलत नाहीत. घरच्यांनीच विचारावं.

आणि गाडी. ‘काका चेंडू चुकवतात, मग स्कूटर का नाही चालवायची?’ हा प्रश्न मला विचारला गेला आहे. आतापर्यंतचे सगळे प्रयोग पुन्हा आठवा: खोली शांत, डोकं स्थिर, ठिपका एक, प्रश्न एक, आणि उत्तर देण्यासाठी आग्रह. कॉरिडॉरमध्येही टी. एन. च्या मागे माणूस होता आणि वाटेतलं सामान जागचं हलत नव्हतं. रिंग रोडवर डावीकडून रॉंग साइडनं ई-रिक्षा घुसते तेव्हा ‘काही आलं का, अंदाजानं सांगा’ असं विचारायला कोणी थांबलेलं नसतं. कागदावरचा अर्धा भाग काळा असेल तर मी किल्ली घरच्यांकडे द्यायला सांगते, आणि काका रागावले तरी तेच सांगते.